सांगितल्या भावाची डाळिंबं

भाऊजी, कावळा लगेच शिवला.

घोडनदीच्या काठी पिंड ठेवला, माणसं मागं सरायला लागली, आणि ती पुरती सरायच्या आतच बाभळीवरून तो खाली आला. भाताला चोच लावली आणि गेला. लोक मोकळे झाले. "कायबी राह्यलं न्हाई सोपानाचं," असं कोणीतरी म्हणालं. सगळ्यांनी माना हलवल्या, घड्याळं बघितली. कोणाला मंचरला जायचं होतं, कोणाला गाईची धार काढायची होती.

मी तयारीने आले होते. कावळा अडून बसला तर काय काय कबूल करायचं, हे मी वाटेने जुळवत आले होते. तुमच्या पोरीच्या शिक्षणाचं मी बघेन, इथून सुरुवात करणार होते. मग सुनीताचं. आणि अगदीच अडला तर तुमची ती लंगडी मेंढी, जी विकायची नाही म्हणून वर्षभर माझ्याशी भांडलात. तीन गोष्टी हातात ठेवल्या होत्या, एकेक करून सोडणार होते. तुम्ही एकही सोडू दिली नाही. पहिल्या झटक्यात मिटवून निघून गेलात.

काही राहिलं नाही? माझ्याशी बोलायचं राहिलं होतं.

तासाभराने नदीवर पातेली घासत होतो, मी आणि सुनीता. तुमची बायको किती बोलते तुम्हाला माहीत आहे. दहा दिवसांत तिच्या तोंडून दहा वाक्यं निघाली नसतील. तिने पातेल्यातून मान वर न काढता सांगितलं, "आक्का, तुमाला बोलायचं न्हाई अशी शपत घातली व्हती. आता कुणाची शपत? त्यास्नी पैल्या दिवसापासनं ठावं व्हतं."

"काय ठावं व्हतं?"

"रक्ताचा कॅन्सर हाय ते. तुमी मंचरावरनं रिपोर्ट घिऊन आलात ना, त्या दिवसापासनं."

मी पातेलं घासत राहिले. ते घासून झालेलं होतं, तरी घासत राहिले. कसं कळलं, तेही तिने सांगितलं. ते मी शेवटी लिहीन. तिथं माझी चूक आहे, आणि चूक मी सहसा शेवटीच कबूल करते, हे तुमच्याइतकं कोणाला माहीत?

मेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात. म्हणू देत. बावीस वर्षं आपण एका पिकअपमध्ये बसून शेळ्या-मेंढ्यांचा धंदा केला. मला विचारल्याशिवाय तुम्ही कधी कोणाला भाव दिला नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट माझ्यापासून लपवून ठेवलीत. मी तुमच्यापासून लपवतेय असं समजून मी झिजत राहिले, आणि तुम्ही बघत बसलात.

तुम्हाला काही समजावून सांगायची गरज नाही, पण हे वाचणाऱ्यांना आपला बाजार माहीत नसेल. बेल्ह्याच्या बाजारात जनावराचा भाव तोंडाने बोलत नाहीत. घेणारा आणि विकणारा समोरासमोर उभे राहतात, हातावर टॉवेल टाकतात आणि टॉवेलाखाली एकमेकांची बोटं धरतात. दोन बोटं दाबली तर दोन, चार दाबली तर चार, पंजा म्हणजे पाच. शेकडा की हजार, ते जनावराकडे बघून दोघांना कळतं. विचारणारा अडाणी ठरतो. पटलं तर पंजा घट्ट धरायचा. नाही पटलं तर हात सोडवून घ्यायचा. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कोणाला आकडा कळत नाही. तोंड मात्र सरळ ठेवावं लागतं. तोंड हललं की गेलात.

बाईमाणसाने परक्या पुरुषाचा हात टॉवेलाखाली धरायचा नाही. हे कुठं लिहिलेलं नाही, पण मी धंद्याला लागले तेव्हा पहिल्याच बाजारात मला ते समजलं. सासऱ्यांनी मेंढरं विकून टाकली होती, तुमचे दादा चाकणला कंपनीची बस चालवायला लागले होते, आणि मी माहेरच्या शेळीच्या दोन लहान पाठी घेऊन सुरुवात केली होती. सहा महिन्यांनी तरण्याताठ्या झालेल्या त्या दोन शेळ्या घेऊन मी बेल्ह्याला उभी होते, आणि कोणी माझ्यापुढं टॉवेल धरेना. हसत होते. "बाई, घरधन्याला धाडा." तुम्ही तेव्हा कोंबड्यांच्या शेडवर कामाला होतात. दुसऱ्या आठवड्याला सुट्टी टाकून आलात आणि म्हणालात, "वयनी, आकडा तुमचा. हात माझा."

तेव्हापासून तुमच्या हाताने मी सौदे केले. तुम्ही टॉवेल टाकून उभे, मी चार पावलं बाजूला दोरी धरून. दोरी डाव्या हातात घेतली की अजून ताणा. उजव्या हातात आली की धरा पंजा. पदर डोक्यावर घेतला की सोडा, निघा. बाजारातल्या म्हाताऱ्या दलालांना वाटायचं, सोपानाच्या बोटांत अक्कल आहे. तुम्ही कधी त्यांचा गैरसमज दूर केला नाहीत. त्यावरूनही मी तुमच्याशी भांडले आहे.

तुमचं खरं काम वेगळंच होतं. जनावराची खालची पापणी अंगठ्याने ओढून आतला रंग बघायचा. लाल असेल तर जनावर निरोगी. फिकट असेल तर रक्त कमी, पोटात जंत, घेऊ नका. गेल्या साली मी म्हटलं, आता पोरं मोबाईलवर जनावरांचे फोटो पाठवतात, तळेघरच्या वरच्या वाड्यांपर्यंत पाय कशाला तुडवायचे? तुम्ही म्हणालात, "फोटोत पापनी दिसत न्हाई." मी म्हटलं, पापणीचाच फोटो मागवू. तुम्ही म्हणालात, "मग फोटोलाच चारा घाला." हे भांडण संपलं नव्हतं. माझ्याकडं अजून दोन मुद्दे शिल्लक आहेत.

हजारो पापण्या उलटल्या असतील आपण. तुमची नाही उलटली.

भाद्रपदात तळेघरला गेलो होतो ना, शेवटची एसटी जिथं थांबते त्याच्या पुढच्या वाडीला. भाताच्या खाचरांच्या कडेने चढ आहे. एरवी तुम्ही पुढं आणि मी मागून शिव्या घालत यायची. त्या दिवशी तुम्ही तीनदा बसलात. तिसऱ्यांदा दगडावर टेकून म्हणालात, "वयनी, डोंगर वाढला का वो यंदा?"

"डोंगर न्हाई, तुमचं प्वाट वाढलंय," मी म्हटलं.

तुम्ही हसलात. पोट कुठं होतं? पट्ट्याला तुम्ही नवीन भोक पाडलं होतं, ते मी पाहिलं होतं. पाहिलं होतं आणि तरी बोलले. वर जाऊन तुम्ही एका शेळीची पापणी ओढलीत. "पांढरी हाय, नगं." हे तुम्ही म्हणत होतात तेव्हा तुमचे ओठ त्या पापणीच्याच रंगाचे होते. मी शेळीकडं बघत होते.

दंडावर काळेनिळे डाग आले, तर आपण म्हटलं बोकडाने ढुशी दिली. हिरड्यांतून रक्त आलं, तर मी तंबाखूवरून अर्धा बाजार ऐकेल अशी ओरडले. ताप आला, उतरला, परत आला. ज्या दिवशी शेळ्यांना जंताचं औषध पाजलं, त्याच दिवशी तुमच्यासाठीही जंताची गोळी आणली आणि समोर उभी राहून घ्यायला लावली. माणसाचं रक्त कमी झालं की मेंढपाळाच्या घरात पहिल्यांदा जंतच आठवतात. तुम्ही निमूट घेतलीत. वर म्हणालात, "कानात बिल्ला बी मारा."

मंचरला रक्त तपासायला दिलं तेव्हा कागदावर नंबर माझा होता, कारण तुमचा फोन कायम मेलेला. म्हणून फोन मला आला. घरच्या कोणाला सोबत न घेता या, असं काही दवाखान्यातले म्हणाले नाहीत. मीच एकटी गेले.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी कागद माझ्याकडं फिरवला. "पांढऱ्या पेशी फार वाढल्यात, आणि त्याही कच्च्या. रक्ताचा कॅन्सर असावा. उद्याच्या उद्या पुण्याला न्या."

"असावा म्हणजे? नक्की का असावा?"

"नक्की तिथं करतील. कमरेतून सुई घालून तपासतात."

"मग आत्ता दुसरं कायतरी लिहा," मी म्हटलं. "कावीळ लिहा. वाईटातली वाईट कावीळ लिहा, माझं काय म्हणणं न्हाई."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "बाई, हा बाजार नाही."

"मग आकडे कशाला छापल्यात?"

भांडायचं म्हणून बोलले नव्हते. मला खरंच वाटलं होतं की समोर आकडा आहे, म्हणजे तो खाली येऊ शकतो. डॉक्टरांनी उठून स्वतः पाण्याचा ग्लास आणून दिला. मी पाणी प्यायले, कागद पिशवीत घातला आणि बाहेर आले.

पुढचं सलग आठवत नाही. हायवे ओलांडायचा होता. कांद्याच्या ट्रका, पिकअप, एसट्या एकामागून एक जात होत्या आणि मला त्यांचा आवाज येत नव्हता. कान बधिर झाले असं नाही. आवाज येत होता, पण तो आवाज आहे हे कळत नव्हतं. एक बाई म्हणाली, "मावशी, गेल्या ना गाड्या, चला की." मी तिच्यामागून गेले. पलीकडं डाळिंबाची गाडी होती. दोन किलो डाळिंबं घेतली.

घरी आले तर तुम्ही कुडाणाच्या कुंपणापाशी खाटेवर बसला होतात, लंगडी पायाशी. मी तोंड सरळ ठेवलं. बावीस वर्षं ज्या कामात मुरले, ते काम मी त्या दिवशी केलं. म्हटलं, रक्तात जंतू झालेत, पुण्याला चार-आठ दिवस राहावं लागेल, सलाईन लावतील. तुम्ही म्हणालात, "बरं." डाळिंब हातात घेतलंत, उलटंपालटं केलंत. "केवढ्याला?" तुम्ही विचारलं. मी सांगितलं. तुम्ही जरा थांबलात. मग म्हणालात, "लई ग्वाड हायेत."

तुम्ही ते अजून फोडलंही नव्हतं. हे मला आत्ता आठवतंय.

पुण्यात सुई घातली, नक्की झालं. आम्हाला वेगळ्या खोलीत बसवून सांगितलं. तुमचे दादा भिंतीला टेकून बसले आणि रडले. मी रडले नाही. मी त्या डॉक्टरीणबाईंशी सौदा करायला लागले. त्याला सांगायचं नाही, एवढं एक कबूल करा. त्या म्हणाल्या, पेशंटला जाणून घ्यायचा हक्क असतो. मी म्हटलं, तो हक्क तुमच्या घरी, आमच्याकडं माणूस सांगून मारत नाहीत. त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "मी होऊन सांगणार नाही. पण त्यांनी विचारलं तर खोटं बोलणार नाही." मी ते धरलं. आणि तुम्ही कधी विचारलंच नाही. मला वाटलं, मी जिंकले.

खोलीबाहेर सुनीताचा हात माझ्या डोक्यावर ठेवून तिला शपथ घातली. भाऊजींना कळता कामा नये. आता कळतंय की तिच्यावर एक शपथ आधीच होती. मंचरहून मी आले त्याच संध्याकाळी तुम्ही तिला घातलेली. मला कळू द्यायचं नाही की तुम्हाला कळलंय. आपण दोघं पट्टीचे व्यापारी, भाऊजी, आणि आपण त्या बाईचा टॉवेल केला. सगळं तिच्याखाली चाललं होतं आणि ती नुसती पांघरलेली. तिला कोणी विचारलं नाही की बाई, तुझा नवरा आहे, तुझं काय चाललंय?

तिची माफी मी तोंडाने मागितलेली नाही. इथं मागते.

वॉर्डात मी काय काय केलं ते आठवून आता हसू यायला हवं. येत नाही. शेजारच्या खाटेवरचा नगरकडचा माणूस केमो म्हणाला, तर त्याला मी डोळ्यांनीच गप्प केलं. त्याच्या बायकोशी त्यावरून दोन दिवस अबोला. तुम्हाला लाल औषध चढवलं तेव्हा मी म्हटलं ताकदीचं सलाईन आहे. तुम्ही बाटलीकडं बघत म्हणालात, "डाळिंबाचं काढलंय जनू." मी म्हटलं, असंल. या वॉर्डात का ठेवलं, तर दुसरीकडं जागा नव्हती म्हणून, असंही सांगून ठेवलं होतं.

एक दिवस तुम्ही सगळ्या खाटांवरून नजर फिरवलीत आणि अगदी सरळ तोंडाने विचारलं, "वयनी, ह्या समद्यांचे क्यास बी जागा न्हाई म्हनूनच गेले का वो?"

मी म्हटलं, "पुण्याचं पाणी खारट हाय."

तुम्ही हसायला लागलात. खोकला येईपर्यंत हसलात. सिस्टर धावत आल्या. सुनीता उठून बाहेर गेली. मी तिच्यावर चिडले की माणूस खोकतोय आणि ही बाहेर काय जाते. इतकं सगळं समोर होतं आणि मला काही दिसलं नाही. मी माझं तोंड सांभाळण्यात गुंतले होते.

रोज दुपारी खाली उतरायचे आणि कोणाशी तरी भांडायचे. रिक्षावाल्याशी, झेरॉक्सवाल्याशी, चहा पांचट केला म्हणून टपरीवाल्याशी. तेवढ्यापुरतं अंगात काहीतरी चालू असल्यासारखं वाटायचं. भांडण संपलं की परत सगळं कापसासारखं. हात चालायचे, डबा धुतला जायचा, औषध आणलं जायचं. रात्री अंग टाकलं की झोप लागायची, आणि सकाळी उठल्यावर झोप लागली म्हणून स्वतःचाच राग यायचा. तुमचे दादा एकदा म्हणाले, "तुला कायच वाटत न्हाई का गं?" मी त्यांना म्हटलं, वाटायला वेळ कुठं आहे. खरं उत्तर मला माहीत नव्हतं. अजूनही नाही.

पहिला डोस संपल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हवं तसं उत्तर दिलेलं नाही, पुन्हा करून बघू. मी वर आले आणि तुम्हाला म्हटलं, "जंतू निम्मे मेले. पंधरा दिवसांत घरी."

तुम्ही माझ्याकडं बघितलं नाही. उशाशी तुमचा चौकड्यांचा टॉवेल होता, तो ओढलात आणि स्वतःच्या हातावर टाकलात. म्हणालात, "वयनी, हात द्या."

मी इकडं तिकडं बघितलं. नगरवाला झोपला होता. सुनीता खिडकीपाशी. बावीस वर्षांत तुमच्या बोटाला माझं बोट लागलं नव्हतं. भाऊबीजेला ओवाळलं, तेही ताटातून. मी हात टॉवेलाखाली घातला. तुमचा हात गार होता आणि त्याला वजन नव्हतं.

जनावर कुठलं, हे सांगावं लागलं नाही. मी तुमचा पूर्ण पंजा दाबला. पाच.

तुम्ही माझं एक बोट धरलंत. तर्जनी. एकच.

मी चार दाबली. तुम्ही एक. मी तीन. तुम्ही पुन्हा तेच बोट, तसंच. मी दोनवर आले. आयुष्यात इतक्या झटपट मी कधी खाली आले नव्हते. दोनवर थांबले, दाबून धरलं, सोडेना. तुम्ही वाट बघितलीत. मग दुसरं बोट हळूच बाजूला सारलंत आणि पंजा घट्ट धरलात. झाला सौदा.

वर्ष की महिना, मी विचारलं नाही. बाजारात विचारत नाहीत. मी वर्ष समजले. तुम्हाला माहीत होतं की मी वर्षच समजणार.

तुम्ही एक महिना काढलात. वर चार दिवस. ते चार मी ताणून मिळवले, असं मी मनाशी धरून चालले आहे. कोणी त्यात बदल करायला येऊ नये.

शेवटचा ताप उतरला नाही. सकाळी चहाच्या वेळेला गेलात. मी खाली टपरीवर होते. वर आले तेव्हा सुनीताने तुमच्या अंगावर तोच टॉवेल घातलेला होता. मी चहाचे कप कुठं ठेवले ते आठवत नाही. त्या दिवशी बाकी सगळं बरोबर केलं. गाडी ठरवली, फोन केले, कागद गोळा केले. गाडीवाल्याशी घासाघीसही केली. लोक म्हणाले, बाई खंबीर आहे.

आता ती चूक.

नदीवर मी सुनीताला विचारलं, "पर कळलं कसं? रिपोर्ट माझ्या पिशवीत व्हता. कुणी सांगितलं?"

ती म्हणाली, "कुनीच न्हाई. डाळिंबांवरनं कळलं."

तिने तुमचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. त्या संध्याकाळी तुम्ही तिला बोलावून म्हणालात, "वयनीनं सांगितल्या भावाला डाळिंबं आनली. येका शब्दानं घासाघीस केली न्हाई. मला मोठं दुखनं हाय, सुनीता. बारीकसारीक असतं तर तिनं निम्म्यानं आनली असती आन् अर्धा तास त्याची गोष्ट सांगितली असती."

बरोबर आहे. मी कोथिंबिरीची जुडी आणली तरी त्याची गोष्ट असते. तो काय म्हणाला, मी काय म्हटलं, मी कशी चार पावलं निघून गेले, त्याने कशी हाक मारली. तुम्ही दरवेळी विचारायचात, "केवढ्याला?" आणि मग खाटेवर मागं रेलून बसायचात. त्या दिवशी तुम्ही विचारलंत आणि मी नुसता आकडा सांगितला. गाडीवाल्याने भाव सांगितला होता आणि मी तो दिला होता. तो बिचारा इतका घाबरला की एक डाळिंब त्याने वर फुकट टाकलं. माझ्या ते तेव्हा लक्षातही आलं नाही. मी घरी येऊन तोंड सरळ ठेवलं, आवाज सरळ ठेवला, आणि पिशवीत सगळं उघडं ठेवून आणलं.

"मग मला बोलले का न्हाईत?" मी सुनीताला विचारलं. मोठ्याने विचारलं असावं, कारण घाटावरच्या बायका वळून बघायला लागल्या.

"म्हनले, वयनी माझ्यापायी तोंड सरळ ठिवून बसलीय. तिला वाटू दे, जमतंय. न्हाईतर मोडंल."

कोणी सांगितलं होतं तुम्हाला? मला मोडू द्यायचं होतं, भाऊजी. तुमच्यासमोर मोडले असते तर तुम्ही काहीतरी वाकडं बोलला असतात, मी चिडले असते, आणि त्यातून रडू आलं असतं. तो रस्ता मला माहीत होता. आता मोडायचं तर कोणासमोर? माझी तक्रार एवढीच आहे. मला वाचवायचं ठरवलंत आणि मला विचारलं नाहीत. आणि मीही तुम्हाला विचारलं नव्हतं, हेही खरं. पण माझं मी बघून घेईन.

तरी एक सांगते. जगात एक माणूस होता ज्याला दोन किलो डाळिंबांवरून माझ्या पोटातलं कळलं. तुमच्या दादांना मी समोर बसून सांगितलं तरी कळत नाही. हे मला बावीस वर्षं मिळत होतं आणि मी समजत होते की तुम्ही माझा फक्त हात आहात.

काल बेल्ह्याला गेले. पिकअप तुमच्या दादांनी चालवली, ते गाडीतच बसले. एक दोनदाती शेळी होती, नुकती तरणी, काळी, कान पांढरे. मढकडच्या म्हाताऱ्याची. मी वाकून तिची पापणी ओढली. तुमच्यासारखी एका अंगठ्याने जमली नाही, दोन्ही हात लावावे लागले. लाल होती. चांगली लाल. फोटोत दिसली नसती. घ्या, ते भांडण तुम्ही जिंकलात. माझे दोन मुद्दे होते, ते मी सोडले.

म्हाताऱ्याने सवयीने टॉवेल हातावर टाकला आणि माझ्या मागं बघितलं. मागं कोणी नव्हतं. कोणीतरी म्हणालं, "आरं, सोपान गेला न्हाई का." मी पुढं झाले आणि हात टॉवेलाखाली घातला.

म्हातारा दचकला, पण हात काढला नाही. त्याचा हात गरम होता, खरखरीत होता. त्याने बोटं दाबली. भाव जास्त होता, भाऊजी. कोणालाही कळलं असतं इतका जास्त होता. तुम्ही असतात तर मी पदर डोक्यावर घेऊन निघाले असते.

मी पंजा घट्ट धरला.

"झालं?" म्हातारा म्हणाला.

"झालं."

"सोपान असता तर उन्हं उतरूस्तवर खाल्लं असतं मला," तो म्हणाला, आणि सगळे हसले. पुढच्या जनावराकडं वळले. कोणी माझ्या तोंडाकडं बघितलं नाही.

शेळी मागं बांधली आणि पुढं येऊन बसले. तुमच्या दादांनी गाडी चालू केली. आळेफाटा गेला, नारायणगाव गेलं, मंचरचा बाजार गेला, रस्त्याच्या कडेला डाळिंबाच्या गाड्या गेल्या. मी घरापर्यंत वाट बघितली. कोणी विचारलं नाही, वयनी, केवढ्याला?